साहेबांच्या नावाची खूण

चैतालीला ऐकू येत नाही, पण समोरचा माणूस दीडशहाणा आहे हे कळायला कान लागत नाहीत. शनिवार पेठेतल्या कर्णबधिरांच्या वर्गात ती बारा वर्षं खुणांची भाषा शिकवत होती. महिन्यापूर्वी तिथे नवे संचालक आले, अनिरुद्धराव. गाठीला तीन महिन्यांचा खुणांचा ऑनलाइन कोर्स, तोही अमेरिकेतला, आणि तोरा असा की जणू बहिरेपण यांनीच शोधून काढलं.

आल्या आल्या त्यांनी तिची ‘आई’ चुकीची ठरवली. नाकपुडीला बोट लावलं की आई, हे चैताली आपल्या बहिऱ्या आईच्या मांडीवर बसून शिकली होती, विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत. साहेबांनी पंजा पसरून अंगठा हनुवटीला टेकवला. म्हणे आई ही अशी! आणि बाप म्हणजे मिशीला पीळ नव्हे, अंगठा कपाळाला. वर्ग पोट धरून हसला. देश बदलला की खुणाही बदलतात, हे कोर्सात शिकवलं त्या दिवशी साहेबांचा बहुधा डोळा लागला असावा.

‘सोमवारपर्यंत खुणा सुधारा, नाहीतर नोकरी सोडा,’ असं त्यांनी लिहून दिलं. नोकरीवाचून चैतालीचं भागणार नव्हतं. पण आईच पुसून टाकायची म्हणजे काय? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारीही तिने बोट नाकपुडीलाच लावलं.

त्याच दिवशी देणगीदारांसाठी शूटिंग होतं. कर्णबधिरांमध्ये प्रत्येकाच्या नावाची एक खूण असते. ती बहिऱ्या मंडळींनी द्यायची, आपली आपण घ्यायची नसते. एवढं मात्र साहेबांनी वाचलं होतं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘मॅडम, कॅमेऱ्यासमोर मला नाव द्या. मग तुमच्या नोकरीचं बघू.’

सगळा वर्ग चैतालीकडे बघू लागला. एक साधी खूण केली असती तर काम भागलं असतं. तिने खडू घेतला.

‘महिनाभरात आपण आमच्यापैकी कुणाशीही दोन शब्द बोलला नाहीत. अनोळखी माणसाला आम्ही नाव देत नाही.’

साहेब लालबुंद झाले. त्यांनी ताडकन दाराकडे बोट दाखवलं.

महिन्याभरात त्यांची ही पहिलीच खूण सगळ्यांना नीट कळली. चैतालीने पर्स उचलली आणि तिच्या मागोमाग अख्खा वर्ग शिस्तीत जिना उतरला.