एक ठिपका कमी

मित्रांनो, मी एक जुना साउंडर, म्हणजे तार ऐकवणारं यंत्र आहे, असं सरकारी नोंदवहीत लिहिलेलं आहे. गावातली माणसं मात्र मला टकटक्या म्हणत. दोन्हींपैकी माझं खरं नाव कोणतं, हे मला अजून कळलेलं नाही. तसं पाहिलं तर मला कळलेल्या गोष्टी थोड्या आणि न कळलेल्याच फार. तरीही माझी गोष्ट तुम्हांला सांगतो. तुम्हांला त्यातलं काही उमगलं तर मलाही सांगा.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. लाकडाची बैठक, तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आणि त्यांच्यावर वरखाली होणारी पितळेची दांडी, एवढाच माझा देह. तारेतून वीज आली की दांडी खाली आपटते, वीज थांबली की वर उडते. दांडी क्षणभर खाली राहिली तर तो ठिपका, जरा जास्त राहिली तर ती रेघ. ठिपके आणि रेघा मिळून अक्षरं होतात, अक्षरांची तार होते आणि ती तार ऐकून माणसं रडतात. यातलं शेवटचं कसं घडतं, ते मला कारखान्यात कोणी शिकवलं नाही.

माझा मालक कोण, हाही एक घोळच आहे. आधी म्हणे मी दिल्लीच्या वाहतूक आणि दळणवळण मंत्रालयाचा होतो. रस्ते, बोटी, टपाल आणि तारा असं सगळं एकाच घरात नांदत होतं. समुद्रावरची बोट म्हणजे नात्यानं आपली चुलत बहीण लागते, या विचारानं मी उगाचच फुशारून जात असे. मग एक दिवस कागद आला की घर वेगळं झालं. रस्ते आणि बोटी एकाकडे गेल्या, टपाल आणि तारा दुसऱ्याकडे. भावाभावांच्या वाटण्या होतात तशा आमच्याही झाल्या. पण मी टेबलावर जिथे होतो तिथेच राहिलो, माझा एक स्क्रूसुद्धा हलला नाही. एवढी मोठी वाटणी होते आणि ज्याची वाटणी झाली त्याला पत्ताच लागत नाही, याचं मला फार नवल वाटलं.

माझी नेमणूक झाली माण तालुक्यातल्या बोरजाईवाडीच्या टपाल कचेरीत. भोवती उजाड माळ, माळावर मेंढरं, आणि बाजरी आली तर पावसाच्या मेहेरबानीनं. घरटी एक तरी माणूस मुंबईला. त्यामुळे पत्रं पुष्कळ येत, तारा क्वचित. आमचे तारमास्तर होते वर्धमान पाटील. सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याचे, रायगोंडा पाटलांचे हे धाकटे चिरंजीव. घरी दारापर्यंत ऊस आणि नोकरी अशा ठिकाणी, जिथे हंडाभर पाण्यासाठी मैलभर जायचं. पण मास्तरांनी कधी कुरकुर केली नाही. त्यांचा एकच नेम होता. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मावळल्यावर अन्नाला शिवायचं नाही. त्यामुळे पाच वाजल्यापासून त्यांचा एक डोळा घड्याळावर आणि एक डोळा डब्यावर असे.

मास्तरांनी मला फार मायेनं वागवलं. रोज सकाळी मऊ फडक्यानं पुसायचं, आठवड्याला तेलाचा एक थेंब द्यायचा. आवाज मोठा यावा म्हणून त्यांनी माझ्या पाठीशी चहाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला होता. एकदा साताऱ्याचे साहेब तपासणीला आले आणि म्हणाले, "खणखणीत बोलतो हो तुमचा हा!" मित्रांनो, उभ्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच. ते मी अजून जपून ठेवलं आहे.

गाव मात्र मला भ्यायचं. कुणाला मुलगा झाला म्हणून तार आली तरी आधी हंबरडा फुटायचा, मग तार वाचली जायची, मग पेढे. मला वाटायचं, माझा आवाजच रडका असेल.

आता तो दिवस सांगतो. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल, वैशाख महिना. मास्तर बहिणीच्या लग्नाला तीन दिवस सांगलीला गेले होते. त्या तीन दिवसांत माळावरून वावटळी उठत होत्या आणि कचेरीची खिडकी नीट लागत नव्हती. माझ्या अंगावर धुळीचा थर बसला. मास्तर दुपारी एस.टी.नं परत आले आणि थेट कामाला बसले. मला पुसायचं राहून गेलं.

साडेतीनच्या सुमाराला साताऱ्याहून हाक आली. मास्तर पेन्सिल घेऊन बसले आणि मी बोलू लागलो. तार मुंबईहून निघालेली, मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत. आधी नाव आलं बनुबाईचं. बनुबाई म्हणजे वरच्या आळीतली विधवा. तिचा एकुलता एक मुलगा कृष्णात मुंबईच्या गोदीत काम करत होता. नाव झालं, मग मजकूर आला. कृष्णात. बोटीवर. मेला. एवढं मी बोललो आणि बाहेर वाऱ्याचा एक जोराचा लोट आला. माझ्या वेटोळ्यांतली वीज गेली, दांडी वर उडाली आणि तिथेच राहिली.

मास्तरांनी कागदाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी बापडा बघत राहिलो. मी तर नेहमीसारखंच बोललो होतो.

मास्तरांनी साताऱ्याला हाक मारून पाहिली. लाइन बंद पडली होती. मग त्यांनी पोस्टमन आकारामला जवळ बोलावलं. आकाराम गावचाच, वयानं मास्तरांपेक्षा मोठा.

"आकाराम, तुमच्याकडं माणूस गेलं की तारेत काय लिवत्यात?"

"वारला म्हणत्यात की. न्हाईतर इंग्रजीतलं त्ये एक्सपायर. का वो?"

"मेला असं कोण लिवतं का?"

"छ्या! मेला म्हंजी शिवी न्हवं का? बैल मरतो, मेंढरू मरतं. आपलं माणूस कवा मरतंय व्हय? आपलं माणूस वारतंय."

मास्तर एकदम सावध झाले. कागदाच्या कोपऱ्यावर त्यांनी दोन रेघा काढल्या आणि पुटपुटले, "दोन रेघा म्हंजे एम. दोन रेघा आन एक ठिपका म्हंजे जी. ठिपका कमी पडला तर गेलाचा मेला हुतोय." मग ते माझ्याकडे वळले. "टकटक्या, ठिपका तू खाल्लास का रं?"

मित्रांनो, मी काय उत्तर देणार? साताऱ्याहून ठिपका निघालाच नाही, की वाटेत वाऱ्यानं नेला, की माझ्याच दांडीखाली धुळीचा कण अडकला होता? मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. मास्तरांनी माझ्या बैठकीवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. ती पाहून त्यांनी मान खाली घातली.

इकडे आकारामनं घोळ घालायचा तो घातलाच. बाहेर पाणी प्यायला गेला आणि सुलाबाईला बोलून बसला की बनुबाईची तार आलीया, पण आर्धीच. सुलाबाई बनुबाईच्या शेजारची. गावात बातमी पोचायला माझ्यासारख्या यंत्राची गरज नसते, हे मला त्या दिवशी समजलं. घटकाभरात बनुबाई कचेरीच्या पायरीवर येऊन बसली. तिच्यामागे आळी लोटली.

"मास्तर, काय लिवलंय त्ये वाचा," ती म्हणाली.

"आर्धीच आलीया, मावशी. आर्धी तार द्यायची न्हाई, असा नियम हाय."

"आर्ध्यात काय हाय, तेवढं तरी सांगा."

"कृष्णातचं नाव हाय."

"आन म्होरं?"

मास्तरांनी कागद टेबलावर उपडा घातला. वाचून दाखवावं आणि ते खोटं निघावं, तर त्या माउलीचं काळीज फुटायचं. लपवावं आणि ते खरं निघावं, तर पोटच्या पोराची बातमी आईपासून दडवली असं व्हायचं. नियमाचा आडोसा होता म्हणून ते उभे तरी होते. सुलाबाईनं पदर डोळ्यांना लावून सूर धरला. तशी बनुबाई तिच्यावर कडाडली, "गप गं! माझं पोरगं अजून आर्धंच आलंय. सगळं येऊ तर दे!"

मास्तर आकारामला म्हणाले, "तारेवर कुठं तरी फांदी पडली असणार. लाइनमन दहिवडीहून उद्या येणार. तोवर ह्या मावशीला बसवून ठिवायची का?" आकारामला आपली चूक उमगली होती. त्यानं एका मेंढपाळाकडून आकडी मागून घेतली. मेंढरांसाठी बाभळीचा पाला ओढायची ती लांब काठी. ती खांद्यावर टाकून तो खांबांच्या रांगेनं चालू लागला.

तेवढ्या वेळात मास्तरांनी मला पुसलं. दांडीखाली फुंकर घातली, फडक्याचं टोक आतपर्यंत फिरवलं, तेलाचा थेंब दिला. ऊन भिंतीवरून उतरून पायरीवर आलं, पायरीवरून अंगणात गेलं. मास्तरांनी एकदा जेवणाच्या डब्याकडे पाहिलं आणि तो बाजूला सारला.

"मास्तर, तुमचा जेवायचा वकुत टळंल की," बनुबाई म्हणाली.

"टळू दे, मावशी."

दिवस मावळला. आणि त्याच वेळी माझ्या वेटोळ्यांत वीज आली. आकारामला फांदी सापडली होती. मास्तरांनी साताऱ्याला तार पहिल्यापासून सांगायला लावली. कृष्णात. बोटीवर. मग एक रेघ. दुसरी रेघ. मी जिवाच्या आकांतानं वाट पाहत होतो. आणि ठिपका आला! स्वच्छ, खणखणीत ठिपका!

मास्तर खुर्चीवरून उठले आणि आनंदानं बेभान होऊन दाराकडे तोंड करून ओरडले, "मावशी, मेला न्हाई, गेला! कृष्णात बोटीवर गेला!"

आणि मित्रांनो, सगळ्या आळीनं एकच हंबरडा फोडला. सुलाबाईनं ऊर बडवला. बनुबाईनं दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि ती तशीच थिजून बसली. मी पार गोंधळलो. ठिपका नव्हता तेव्हा मास्तर रडकुंडीला आले होते. ठिपका आला तर गाव रडायला लागलं. मग या माणसांना हवं तरी काय होतं? मास्तरही माझ्यासारखेच भांबावून उभे होते. गेला म्हणजेही माणूस गेलाच, हे आनंदाच्या भरात त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी आपला बोलतच होतो. माझं काम बोलायचं. सवयीनं मास्तरांचा कान माझ्याकडे वळला आणि पुढच्याच क्षणी ते पायरीवर धावले.

"आवं थांबा! रडू नका! फुडं ऐका! दोन वर्सांनी येईल, आन खाली नाव मानसिंग. आसं हाय! कृष्णातच्या चुलतभावानं धाडलीया तार. बोटीवर नोकरी लागली त्याला. गेलेलं माणूस दोन वर्सांनी म्हागारी येतंय व्हय कवा?"

सुलाबाईचा सूर मध्येच अडकला. कोणी तरी हसलं, मग सगळेच हसले. पण बनुबाई हसली नाही. ती उठली, सरळ आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"ह्येनं सांगितलं?"

"व्हय, मावशी."

"मग ह्येला म्हणावं, कृष्णातला माझा निरोप दे."

"बोटीवर ह्येचा आवाज पोचत न्हाई, मावशी. बोटीचं खातं आता निराळं झालंय."

"मग मानसिंगला तरी इचारा."

"काय इचारू?"

"इचारा, जेवून गेला का म्हणून."

मास्तरांनी फॉर्म काढला आणि बनुबाईनं सांगितलं तेच शब्द लिहिले. त्या दिवशी ते उपाशीच निजले.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. बनुबाई सकाळपासून पायरीवरच होती. उत्तरात दोनच शब्द होते, आणि त्यांतल्या त्या एका ठिपक्यासाठी मी माझी सगळी ताकद लावली. मास्तरांनी वाचलं, "जेवून गेला." बनुबाईनं ते तीनदा वाचून घेतलं. मग पदराचं टोक डोळ्यांशी नेत ती म्हणाली, "आता रडते मी सुखानं." आणि खरंच रडली.

पाच वर्षं झाली. मास्तरांची बदली झाली, कचेरीत दूरध्वनी आला आणि मला कपाटावर ठेवलं. आता मला कोणी पुसत नाही. बनुबाई तेव्हा का रडली, हे कोड्यासारखं मी अजून घोळवतो. तुम्हांला कळलं असेल कदाचित. मित्रांनो, मला पुन्हा टेबलावर ठेवा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या हाताखाली जे कोणतं यंत्र असेल, त्याच्यावर रोज एकदा फडकं फिरवत जा. आणि कोणाची बातमी सांगायची असेल, तर ती पुरी ऐकल्याशिवाय तोंड उघडू नका. आपण अर्धवट ऐकतो, आणि कोणाची तरी आई दिवस मावळेपर्यंत पायरीवर बसून राहते.