शंभूच्या फोटोवरच्या दोन धारा

शंभूच्या फोटोला पुन्हा पाणी आलं तेव्हा भीमाबाईंच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. दिल्लीत, पालमच्या आमच्या सोसायटीत एरवी कोणी शेजाऱ्याची घंटा वाजवत नाही. त्या संध्याकाळी मात्र लिफ्ट भरभरून माणसं वर येत होती. वर्दीतला शंभू भिंतीवरून सरळ समोर बघत होता आणि काचेवरून दोन धारा, बरोबर दोन्ही डोळ्यांवरून, गालापर्यंत उतरत होत्या.

“बारिश तो दोपहर में ही रुक गई थी,” कोणीतरी कुजबुजलं. “फिर ये पानी कहाँ से?”

फोटोखाली महाराज बसले होते. कुठले, ते कोणाला ठाऊक नव्हतं. “फौजी की आत्मा है, माताजी, पहरा नहीं छोड़ेगी. इस घर में दूसरे मर्द का पैर पड़ा, तो आज आँसू हैं, कल खून आएगा.”

एवढं सांगायला दिव्यदृष्टी लागत नव्हती. भीमाबाईंच्या विधवा सुनेचं, शिवांजलीचं, दुसरं लग्न ठरलंय ही बातमी लिफ्टमध्येच मिळत होती.

“त्याला पटंना हे लगीन,” भीमाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. “माझं लेकरू रडतंय.”

मुलांनो, आयुष्यभर मी शाळेत विज्ञान शिकवलं. मूर्ती दूध पितात म्हणून रांगा लागल्या तेव्हाही समजावलं, भिंतीवर देवाचा चेहरा उमटला तेव्हाही. आता अशा वेळी राग येत नाही. दमायला होतं.

शिवांजली आत गर्दीसाठी चहा करत होती. “काका, उद्या परीक्षितला नाही म्हणून सांगणार आहे,” ती म्हणाली. तिचा होणारा नवरा परीक्षित मानेसरला, ती काम करायची त्याच कारखान्यात नोकरीला होता.

“तुला खरंच वाटतं, शंभू रडतोय?”

“नाही वाटत. पण रडत असला आणि तरी मी लग्न केलं, तर?”

अशा प्रश्नाला व्याख्यान देऊन उपयोग नसतो. मी म्हटलं, “परीक्षितला संध्याकाळी सांग. सकाळी तुझी खिडकी आणि तुझी मुलगी माझ्या ताब्यात दे.”

सकाळी लख्ख ऊन होतं. फोटो कोरडा होता. महाराज शांतिपाठासाठी आधीच हजर होते. फोटो हॉलच्या सरकत्या खिडकीच्या कोपऱ्याखाली लटकत होता, आणि खिडकीपलीकडे उघडी बाल्कनी होती. दर रविवारी माझ्याकडे शिकायला येणारी शिवांजलीची लेक स्वानंदी पाइप घेऊन बाल्कनीत उभी राहिली. खिडकी आम्ही बाहेरून प्लास्टिकने झाकली होती.

“आजोबा, वरून मारू पाणी?”

“वरून मारलंस तर सगळंच भिजेल. मग आत पाणी कुठून गेलं ते कसं कळणार? खालून सुरुवात कर. एक जागा भिजव, थांब, आत जाऊन बघ. मग जरा वर.”

तिने खिडकीखालची भिंत भिजवली. आत फोटो कोरडा. चौकटीच्या बाजूच्या फटी भिजवल्या. तरी कोरडा.

“पानी से आत्मा नहीं डरती, मास्टरजी,” महाराज आतून म्हणाले.

“मग तुम्हीही निवांत बसा.”

शेवटी प्लास्टिक काढून काचांवर पाणी मारलं. ते ओघळून खालच्या पट्टीत, जिच्यात काचा सरकतात तिच्यात, उतरलं. तिथून ते बाहेर पडायला हवं होतं. पडलं नाही. पट्टी काठोकाठ भरली.

“आता थांबायचं,” स्वानंदी स्वतःलाच म्हणाली.

खूप वेळ थांबलो. दोनदा चहा झाला. मग आतून भीमाबाईंचा आवाज आला. “रडला गं माझा शंभू.”

आधी एक धार, मग दुसरी. महाराजांनी हात जोडले. “देखा?”

“देखा,” मी म्हटलं, आणि फोटो उतरवला.

मागचं प्लास्टर फुगलं होतं आणि खिळ्यावरून पाणी ठिबकत होतं. जुन्या पद्धतीच्या त्या फ्रेमला वरच्या कडेवर दोन कड्या होत्या. त्यांत ओवलेली दोरी खिळ्यावर अडकवलेली. भरलेल्या पट्टीतलं पाणी कोपऱ्यातून हळूहळू भिंतीत मुरायचं, पाऊस थांबल्यावर कितीतरी वेळाने खिळ्याशी पोचायचं आणि दोरीवरून दोन्हीकडे उतरायचं. फोटो पुढे झुकलेला, म्हणून ते काचेवर यायचं. दोरीला टोकं दोन, म्हणून धारा दोन.

“पण आधीच्या पावसाळ्यात तो का रडला नाही?” शिवांजलीने विचारलं.

भीमाबाई फुगलेल्या प्लास्टरवर हात फिरवत म्हणाल्या. “फोटू आत असायचा. तुझं लगीन ठरलं तवा मीच हितं लावला. आल्यागेल्याला दिसावा म्हून. भिंतीचे पापुद्रेबी झाकतील म्हून.”

महाराज एव्हाना दाराशी चपला शोधत होते.

“आजोबा, इथे बारीक भोकं आहेत,” स्वानंदीने बाल्कनीतून हाक मारली. “पण त्यांच्यात पांढरं काहीतरी भरलंय.”

पाणी बाहेर जाण्याची हीच वाट होती. पुट्टी भरून कोणीतरी ती बंद केली होती.

“शंभूनंच,” भीमाबाई म्हणाल्या. “शेवटच्या सुट्टीला आलता तवा. दिवाळीनंतर धूर धूर व्हायचा, ही पोरगी रातभर खोकायची. म्हणला, आये, वारासुदिक आत येऊ देत न्हाई.”

शिवांजली सोफ्यावर बसली. “म्हणजे तो रडत नव्हता.”

“नाही. पुट्टी त्याची, पाणी पावसाचं.”

मुलांनो, शंभूची माया खरी होती. ती पटायला फोटोने रडायची गरज नव्हती. जे कळत नाही त्यापुढे हात जोडण्याआधी एकदा खालून सुरुवात करून बघा. एक जागा भिजवा, थांबा, बघा. आणि मेलेल्या माणसाचं म्हणणं कोणी जिवंत माणूस सांगू लागला, तर ते नक्की कोणाचं म्हणणं आहे, एवढं विचारा.

भीमाबाईंनी केसांतला आकडा काढून नातीच्या हातात दिला. “उघड ती भोकं.”

पुट्टीचा तुकडा निघाला आणि साठलेलं पाणी बाल्कनीत वाहून गेलं. शिवांजलीने फोन लावला. “परीक्षित, येताना रंगाचे नमुने घेऊन ये. भिंत सुकली की रंगवायची आहे.”

भीमाबाई फोटोची काच पुसत होत्या. “पिवळा नको म्हणावं,” त्या म्हणाल्या.