पैलवान आणि पाटी

मित्रांनो, मी एक जुना, दणकट लॅपटॉप आहे. लॅपटॉप ही मांडीवर घ्यायची वस्तू असं लोक म्हणतात. मला जरा वेळ मांडीवर घेऊन बसा आणि पायाला मुंग्या आल्या नाहीत तर मला सांगा! माझं अंग जाड आहे, कोपऱ्यांना रबराच्या टोप्या आहेत आणि उचलायला पेटीसारखी मूठ आहे. ऑफिसातल्या टेबलावरचे ते नाजूक, चपटे लॅपटॉप माझे भाऊबंद म्हणायचे, पण आमचं जमत नाही. त्यांना वाऱ्याची झुळूक लागली तरी सर्दी होते.

तुमचं बालपण लाडात गेलं असेल, माझं मार खाण्यात गेलं. कारखान्यात आम्हा भावंडांना उंचावरून खाली टाकत, अंगावर पाणी मारत, तोंडावर धूळ उडवत. कधी भट्टीसारख्या खोलीत कोंडत, कधी बर्फासारख्या. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं तुम्ही ऐकलं असेल. देवपण काही माझ्या नशिबी नव्हतं. टाकी मात्र होती, आणि ती पाण्याची निघाली.

शहराला पाणी पुरवणाऱ्या एका कंपनीत मी कामाला लागलो. तिथल्या फोरमनच्या हाती मला देण्यात आलं. फोरमन म्हणजे पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यातच केस पांढरे झालेला माणूस. आवाज पंपावर मात करणारा आणि मन लोण्यासारखं. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं, वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "हा लॅपटॉप नाही, हा पैलवान आहे!" तेच माझं नाव पडलं. मग मी त्यांच्याबरोबर पंपघरांत गेलो, चिखलात बसलो, ओल्या भिंतींवर टेकलो. जुन्या पंपांच्या पोटात केबल खुपसायची आणि त्यांची दुखणी माझ्या पडद्यावर वाचायची, हे आमचं रोजचं काम. संध्याकाळी ते आपल्या रुमालाने माझं अंग पुसत. स्वतःचा चष्मा पुसायला मात्र विसरत.

त्यांची सूनही त्याच कंपनीत इंजिनीयर होती. घरी ती त्यांना बाबा म्हणे आणि कामावरही बाबाच म्हणे. ते मात्र घरी तिला सूनबाई म्हणत आणि कामावर, तिला चिडवायला, "काय मॅडम" म्हणत. दोघं एकाच गाडीतून कामावर जात, एकाच डब्यातलं जेवत आणि एकाच विषयावर भांडत. तो विषय म्हणजे मी.

झालं असं, की एक दिवस सूनबाईंनी माझी सवत आणली. दणकट टॅबलेट. अंगाने सडपातळ, चारही बाजूंना काळं रबर आणि मागे हात अडकवायचा पट्टा. फोरमननी तिला उलटसुलट करून पाहिलं.

"ही तर पाटी आहे! पेन्सील कुठे आहे?"

"पेन्सीलपण आहे बाबा," सूनबाई हसून म्हणाल्या आणि बाजूच्या खाचेतून एक छोटी लेखणी काढून त्यांच्या हातात दिली.

तेव्हापासून ती पाटी झाली. मी खोटं कशाला बोलू, मला तिचा राग आला. तिला कळफलक नाही, धड केबलची भोकं नाहीत, आणि तरीही सगळे तिला हातात घेऊन मिरवत होते.

अशात मोठ्या साहेबांनी फोरमन आणि सूनबाईंना बोलावलं. सगळ्या पथकासाठी नवीन उपकरणं घ्यायची होती. सगळ्यांना एकाच प्रकारचं द्यायचं, म्हणजे शिकवणं आणि दुरुस्ती सोपी. लॅपटॉप की टॅबलेट, हे तुम्ही दोघांनी ठरवून सांगा, असं साहेब म्हणाले. बिचाऱ्या साहेबांना काय माहीत, की त्यांनी एका घरात काडी टाकली होती!

त्या दिवशी घरी जेवायला बसल्यावरही विषय तोच.

"पाटीवर आकडे लिहायचे म्हणजे काचेवर मुंग्या मारत बसायचं," फोरमन म्हणाले. "एक बोट चुकीचं पडलं की झालं. पैलवानाच्या बटणांवर हातमोजे घालूनसुद्धा लिहिता येतं."

"आणि तुमचा पैलवान उभ्याउभ्या कुठे ठेवून लिहायचं? माझ्या डोक्यावर?" सूनबाई म्हणाल्या. "शिडीवर टेबल नसतं बाबा."

"इतकी वर्षं मी चढतोच आहे ना?"

"चढताय. तेच मला बघवत नाही."

एवढ्यात सासूबाईंनी पळी ताटावर वाजवली. "ताटात जेवण वाढलंय, यंत्रं नाही. पैलवान नको आणि पाटी नको. मुकाट्याने जेवा!" दोघांनीही माना खाली घालून घास उचलला. मी दाराजवळ बॅगेत होतो. माझ्या बाजूने बोलणारा माणूस घरात आहे याचं मला बरं वाटलं, पण सूनबाईंचं शेवटचं वाक्य मला टोचत राहिलं.

पुढे थोड्याच दिवसांत सकाळी सकाळी फोन आला. शहराच्या एका भागातली उंच टाकी रिकामी होत चालली होती. टाकीच्या माथ्यावर पाण्याची पातळी मोजणारं यंत्र होतं. ते टाकी भरलेली आहे असं खोटंच सांगत होतं, म्हणून खाली पंप सुरूच होत नव्हता. त्या टाकीवर पुष्कळ घरं अवलंबून होती आणि एक हॉस्पिटलही होतं.

गाडी पोचली. सिमेंटच्या खांबांवर उभी असलेली ती टाकी मी आधीही पाहिली होती. बाजूने लोखंडी शिडी होती आणि मध्ये टेकायला कठड्याचा एक लहानसा सज्जा होता. त्या दिवशी वारा चांगलाच सुटला होता. सूनबाईंनी अंगावर सुरक्षेचे पट्टे चढवले, पाटी छातीशी बांधली आणि म्हणाल्या, "बाबा, मी जाते वर. ते यंत्र बिनतारी आहे, पाटीवरून जोडून होईल."

"आणि नाही झालं तर पुन्हा उतरणार, पुन्हा चढणार? माझ्या पैलवानात सगळं आहे. एका फेरीत काम होईल," फोरमन म्हणाले. त्यांनी मला मुठीत धरलं आणि सूनबाई पुढे काही बोलायच्या आत चढायला लागले.

मित्रांनो, अशा शिडीवर चढताना कमरेच्या पट्ट्याला असलेला हूक वर वर अडकवत जायचा असतो. पण हूक काढायला आणि लावायला हात मोकळा लागतो. त्यांच्या एका हाताने शिडी धरली होती आणि दुसऱ्या हातात मी होतो. हूक कमरेला नुसताच लोंबत होता. मला ते दिसत होतं. पण मला आवाज फोडता येत नाही.

कठड्याच्या जरा खाली वाऱ्याचा झोत आला. माझं रुंद अंग वाऱ्याने शिडासारखं फिरवलं, त्यांचा तोल गेला आणि बूट पायरीवरून सटकला. ते एका हाताने लोंबकळले. दुसऱ्या हातात मी, आणि तो हात मला सोडायला तयार नव्हता. माझ्या मुठीवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"बाबा, सोडा त्याला!" खालून सूनबाई ओरडल्या.

"अगं, पैलवान फुटेल!"

"तो पडायलाच बनवलाय बाबा, तुम्ही नाही! सोडा!"

क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कशी सांगू? आणि मग त्यांनी मला सोडलं.

मी पडत असताना वरच्या बाजूला पाहत होतो. त्यांचा मोकळा हात शिडीवर गेला. मग पाय पायरीवर आला. तेवढं मी पाहिलं आणि धाडकन खडीत आदळलो. शिडीखाली कोणी उभं राहायचं नाही हा सूनबाईंचा नियम होता, म्हणून माझ्याखाली कोणी सापडलं नाही. माझी एक टोपी उडाली, अंगावर लांब ओरखडा पडला. पडल्यापडल्या वर पाहिलं, तर त्यांनी हूक अडकवला होता. पण खरं सांगतो, इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

फोरमन सावकाश खाली उतरले. खांदा आखडला होता, कोपर सोललं होतं. ड्रायव्हरने औषधांची पेटी धावत आणली. सूनबाई जखम पुसत होत्या. मग फोरमन खडीकडे हात करून हळूच म्हणाले, "त्याला बघ ना जरा."

"आधी तुम्हाला बघू द्या."

"मी बोलतोय म्हणजे जिवंत आहे. तो बोलतोय का बघ."

सूनबाईंनी मला उचललं, खडी झटकली, बटण दाबलं. मी बोललो. पडदा उजळला तसे दोघंही हसले आणि हसता हसता सूनबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

टाकी मात्र रिकामी होतच होती. आता सूनबाई वर निघाल्या. दोन्ही हात मोकळे, छातीशी पाटी, आणि प्रत्येक टप्प्यावर हूक अडकवत. वर पोचून त्यांनी पाटीवरून यंत्र ताळ्यावर आणलं. पण खालचा पंप चालू-बंद करणारी पेटी माझ्याहून म्हातारी. ती केबलशिवाय कोणाशी बोलत नाही. पंपघरात स्टुलावर बसून फोरमननी मला तिच्याशी जोडलं. सूनबाई फोनवरून वरचे आकडे सांगत होत्या, फोरमन एका हाताने माझ्या बटणांवर ते टिपत होते. दोघांचे आकडे जुळले आणि पंप घरघरत जागा झाला. भिंतीतून पाणी चढत असल्याचा आवाज मी ऐकला. पाटीबद्दलचा माझा राग तिथेच विरघळला.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त सुनेला जवळ घेतलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उद्यापासून ही सांगेल तसं."

दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून फोरमन साहेबांसमोर उभे राहिले. "साहेब, एकाच प्रकारचं घेऊ नका. शिडी चढणाऱ्याला, गाडीतून उतरून धावपळ करणाऱ्याला पाटी द्या. पंपघरात बसून लिहायचंय, केबल जोडायचीय, तिथे पैलवान ठेवा. हातात काय शोभतं ते बघू नका. काम कुठे करायचंय ते आधी बघा."

"हे सूनबाईंचं मत दिसतंय," साहेब म्हणाले.

"मत तिचंच आहे. पटायला मला शिडीवर जावं लागलं."

पथकाला पाट्या आल्या. काही काळ माझे वाईट दिवस आले. मी गाडीत ओल्या दोरांखाली आणि चिखलाच्या बुटांमध्ये पडून राहिलो. कोणी माझ्यावर चहाचा कप ठेवी, कोणी बसेसुद्धा. एकदा सीटखाली काहीतरी शोधताना सूनबाईंना मी दिसलो. "अगं बाई, पैलवान! ही काय दशा!" त्यांनी मला घरी नेलं, ब्रशने माझ्या बटणांमधली माती काढली, उडालेल्या टोपीच्या जागी नवी टोपी बसवली आणि मला त्या टाकीच्या पंपघरात एका लोखंडी फळीवर पक्कं बसवलं.

फोरमन निवृत्त झाले त्या दिवशी साहेब म्हणाले, "हा लॅपटॉप तुम्ही आठवण म्हणून घरी न्या." फोरमन माझ्यापाशी आले. ओरखड्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता म्हातारपण घरातच, रुमालाच्या उबेत जाणार.

"नको साहेब," ते म्हणाले. "घरी नेऊन कपाटावर ठेवीन, रोज पुसीन, आणि तो कंटाळून मरेल. त्याच्यात अजून दम आहे. राहू दे त्याला कामावर."

सूनबाई दारात उभ्या होत्या. "बाबा, मी बघेन त्याच्याकडे."

"त्याच्याकडे बघच. पण आधी स्वतःकडे."

आता माझी बॅटरी लवकर दमते आणि काही बटणांवरची अक्षरं पुसली गेली आहेत. तरी पंपाची पेटी अजून माझ्याशीच बोलते आणि नळाला पाणी येतं. मित्रांनो, आपल्या कामाच्या वस्तूंना जीव लावा. त्यांना ओल्यात टाकू नका, त्यांच्यावर बसू नका, दिवसाकाठी एकदा तरी पुसा. पण त्यांच्यासाठी शिडीवरचा हात सोडू नका. आम्ही पडलो तर आमच्या टोप्या नवीन मिळतात.