वळणावरची लाल खुर्ची

मित्रांनो, माझ्यावर बसण्याआधी लोक मला एकदा हलवून पाहतात. मला त्याचा राग येत नाही. मी घडीची लोखंडी खुर्ची आहे, वयाने बरीच जुनी, आणि माझ्या पाठीची एक पट्टी तडकलेली आहे. आपले वजन कुणावर टाकायचे याची माणसाने खात्री करून घ्यावी, हे बरेच. पण एका सकाळी माझ्या भरवशावर अकरा माणसे धावली आणि अकराही जणांना चुकीचे माप मिळाले. ती गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या कारागिराने लोखंडी नळी वाकवून माझे पाय केले आणि त्यावर लाकडी पट्ट्या ठोकून बसवल्या. आम्ही चाळीस बहिणी एकाच आठवड्यात तयार झालो आणि सगळ्या एका दवाखान्यात नांदायला गेलो. तिथे येणारा प्रत्येक जण कण्हतच यायचा आणि आपला नंबर कधी येतोय याकडे कान लावून बसायचा. अशा ठिकाणी खुर्चीचे कौतुक कोण करणार? पुढे डॉक्टरांनी गुबगुबीत गाद्यांची बाके आणली. माझ्या बहिणी भंगारात गेल्या. मी कशी कोण जाणे, वस्तीच्या सभागृहातल्या अडगळीच्या खोलीत येऊन पडले. एका बाजूला शिडी, दुसऱ्या बाजूला गळकी बादली. सहा वर्षे माझी कुणी घडीसुद्धा उघडली नाही.

मग वस्तीतल्या लोकांच्या डोक्यात शर्यत घ्यायचे आले. दहा किलोमीटर धावायचे, लहानथोर सगळ्यांनी, आणि तयारीही आपणच करायची. पहिल्या बैठकीत कामे वाटली गेली. माइकवर बोलायला चार हात वर झाले. छातीवरचे नंबर वाटायला, पाण्याचे पेले भरायला, फक्कीने रेषा आखायलाही माणसे मिळाली. पण पाच किलोमीटरवर जिथून धावणाऱ्यांनी मागे फिरायचे, तिथे एकटे बसायला कुणीच तयार होईना. तिथे टाळ्या नाहीत, गर्दी नाही, फोटोही कुणी काढत नाही. शेवटी मागच्या रांगेतून एक म्हातारेसे गृहस्थ उठले आणि म्हणाले की मी बसतो.

हे टेपकाका. आयुष्यभर जमिनी मोजण्याचे काम केलेला माणूस. निवृत्त झाले तरी मोजायची टेप त्यांच्या पिशवीतून गेली नव्हती, म्हणून सगळी वस्ती त्यांना या नावाने ओळखते. त्यांनीच अडगळीतून मला बाहेर काढले, उघडले, हलवून पाहिले आणि लाल रंग दिला. मग कालव्याकाठच्या सरळ रस्त्यावर त्यांनी दोन दिवस खपून पाच किलोमीटर मोजले आणि जिथे माप पुरे झाले तिथे डांबरात एक खिळा ठोकला. माझा डावा पुढचा पाय बरोबर त्या खिळ्यावर आला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. धावणाऱ्यांना एवढेच सांगितले जायचे की लाल खुर्चीला वळसा घाला आणि परत या.

चौदा वर्षे टेपकाका माझ्यावर बसले. कोण वळला त्याचा नंबर ते वहीत ओळीने लिहायचे, म्हणजे कुणी मधूनच परतायला नको. तिथे सावली नाही. डोक्यावर टोपी, गळ्यात ओला रुमाल, आणि जागचे हलणे नाही. लोक घामाघूम होऊन माझ्याकडे यायचे, मी दिसले की त्यांचे चेहरे उजळायचे. दवाखान्यात मला बघून कुणाचा चेहरा कधी उजळला नव्हता. मित्रांनो, तो माझा सुखाचा काळ होता.

पंधराव्या वर्षी टेपकाकांचे गुडघे कुरकुरायला लागले. उन्हात चार तास बसणे जमेना. त्यांनी सुरुवातीच्या रेषेवर घड्याळ सांभाळायचे काम घेतले आणि वळण आपल्या जावयाकडे दिले. जावई चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर काचा लावून ‘आता दिसतंय का?’ म्हणून विचारतो. माणूस लोण्याहून मऊ, कुणाला नाही म्हणता येत नाही. पहाटे मला खिळ्यावर ठेवताना सासऱ्यांनी त्याला दोनदा बजावले की खुर्ची हलवायची नाही. त्याने दोनदा मान डोलावली.

आता टेपकाकांच्या लेकीबद्दल सांगायला हवे. ती बेकरीत भट्टीवर काम करते. पहाटे चारला उठून पाव भाजायचे आणि काम संपले की धावायचे, हा तिचा नेम. चार वर्षे तिला एकच ध्यास होता, दहा किलोमीटर सत्तर मिनिटांच्या आत. पहिल्या वर्षी बहात्तर मिनिटे लागली, मग एकाहत्तर, मग सत्तरच्या वर वीस सेकंद. त्यापुढच्या वर्षी ताप आला आणि ती माझ्यापर्यंत पोहोचलीच नाही. दरवर्षी माझ्याजवळ आली की ती वडिलांकडे बघायची आणि वडील तिला फक्त वेळ सांगायचे, त्यात ना शाबासकी ना सूट. या वर्षी तिने बेकरीतल्या सगळ्यांना सांगून ठेवले होते की आता नाही तर कधीच नाही.

शर्यत सुरू झाली. पहिले वीसपंचवीस जण भराभर वळून गेले, जावयाने नंबर नीट लिहिले. मग हेडसर दिसले. हे वस्तीतल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, वय चौऱ्याहत्तर. ते माझ्या थोडे अलीकडे एका झाडाखाली थांबले आणि खोडाला हात टेकून उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. जावयाने मागचापुढचा विचार न करता मला उचलले, धावत झाडाखाली नेले आणि हेडसरांना माझ्यावर बसवले. मग तो त्यांना पाणी पाजू लागला, वहीने वारा घालू लागला. त्याचे काही चुकले, असे मी म्हणणार नाही. चक्कर आलेल्या माणसाला बसवायलाच हवे होते.

पण रस्त्याने धावणाऱ्यांना काय ठाऊक? त्यांना सांगितले होते लाल खुर्चीला वळसा घाला. लाल खुर्ची झाडाखाली होती, तिच्यावर हेडसर होते, म्हणून ते झाडाखाली आले, हेडसरांना हात केला आणि वळले. एक झाला, दोन झाले, पाच झाले. जावई एका हाताने पाणी पाजत होता आणि दुसऱ्या हाताने नंबर लिहीत होता. लोकांना चष्म्याचे नंबर देणाऱ्या या भल्या माणसाला पुढे उन्हात पडलेला मोकळा रस्ता काही दिसला नाही. मला दिसत होता. पण मला तोंड नाही, आणि पाय चार असले तरी ते माझ्या कामाचे नाहीत.

झाडाखाली वळणाऱ्यांत सातवी टेपकाकांची लेक आली. जावयाने तिला घड्याळ दाखवले आणि म्हणाला, पस्तीसच्या आत आहेस. तिचा चेहरा जो काही फुलला, तो मी विसरणार नाही. ती वळली आणि आली त्याहून जोरात गेली. तिच्यानंतर आणखी चौघे वळले. तोवर हेडसरांना हुशारी आली. ते उठले, जावयाने मला परत खिळ्यावर नेऊन ठेवले. हेडसर मात्र सावकाश चालत खिळ्यापर्यंत आले आणि मगच मागे फिरले. शाळेत असताना त्यांनी कुणाला गृहपाठ माफ केला नव्हता, स्वतःलाही केला नाही.

दुपारी मला सभागृहात आणले तेव्हा तिथे नुसता आनंद होता. भिंतीवरच्या फळ्यावर लेकीच्या नावापुढे एकोणसत्तर मिनिटे एक्केचाळीस सेकंद लिहिले होते. बेकरीतल्या बायका तिला मिठ्या मारत होत्या. ती हसत होती आणि मधूनच डोळे पुसत होती. टेपकाका कोपऱ्यात टेबलाची घडी घालत होते, त्यांच्याही ओठांवर हसू होते. एवढ्यात हेडसर आले. त्यांनी जावयाचा हात हातात घेतला आणि सगळ्यांसमोर आभार मानले, की या मुलाने मला वेळेवर सावलीत बसवले.

टेपकाकांचे हसू गेले. त्यांनी जावयाला बाजूला घेतले.

“जावईबापू, वळणावर सावली कुठे आहे?”

जावयाने वळून माझ्याकडे पाहिले. त्याच्या लक्षात आले ते तेव्हा.

टेपकाका रागावले नाहीत. पिशवी खांद्याला लावून ते जावयाबरोबर पुन्हा कालव्याकाठी गेले, खिळा ते झाड अंतर मोजले. एकतीस मीटर. जाऊन-येऊन बासष्ट. मी जावयाच्या स्कूटरवर होते, कारण माझा सांधा धरून ठेवणारा एक रिव्हेट ढिला झाला होता आणि जावई मला घरी नेऊन तो ठोकून देणार होता. टेप गुंडाळताना टेपकाका एवढेच म्हणाले, “माप मी सांगितलं. माणसांना तुम्ही सांगायचं.”

झाडाखाली वळलेल्यांचे वहीत अकरा नंबर होते. जावई मला घरी ठेवून लगेच बाहेर पडला. लेक पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसली होती. छातीवरचा नंबर तिने कपाटाच्या दारावर चिकटवला होता. माझ्याकडे बघून ती स्वतःशीच हसली. मला तिच्या समोर उभे राहणे नकोसे झाले होते.

तो आला तेव्हा दिवे लागले होते. त्याने दहा जणांना घरी जाऊन सांगितले होते. त्यातले नऊ जण हसले, बासष्ट मीटरचे काय घेऊन बसलात म्हणाले. एकाने चहा पाजून पाठवले. हे सगळे त्याने तिला उभ्याउभ्याच सांगितले आणि मग थांबला, कारण अकरावे नाव सांगायची गरज उरली नव्हती.

तिने पाय बादलीतून काढले. टॉवेलने एकेक पाय पुसला. मग म्हणाली, “दहा घरं फिरलास, आणि आपलं घर शेवटी?”

“तुलाच सांगवत नव्हतं.”

“बासष्ट मीटर म्हणजे सव्वीस सेकंद,” ती म्हणाली. भट्टीवर उभी राहून सेकंद मोजणारी बाई ती, तिला कागद लागत नाही. “म्हणजे सत्तरच्या वर सात.”

आणि ती रडली. आवाज न करता, टॉवेल तोंडाला लावून. तो खाली जमिनीवर तिच्याजवळ बसून राहिला. मी लोखंडाची आहे, पण त्या संध्याकाळी मला वाटले की दवाखान्यातल्या बहिणींबरोबर मीही भंगारात गेले असते तर बरे झाले असते.

टॉवेल बाजूला ठेवून तिने विचारले, हेडसर बरे आहेत ना. तो म्हणाला, बरे आहेत. “मग तू केलंस ते बरोबर केलंस,” ती म्हणाली. “पण मला आधी सांगायला हवं होतंस.” मग म्हणाली, “येत्या रविवारी रिकामा आहेस?”

रविवारी तिने बेकरीतून पुन्हा सुट्टी घेतली. या वेळी ना माइक होता, ना पाण्याचे पेले. टेपकाका घड्याळ घेऊन सुरुवातीच्या रेषेवर, आणि मी खिळ्यावर. जावई माझ्यावर बसला नाही. माझी पाठ दोन्ही हातांनी धरून तो उन्हात उभा राहिला, जणू मला कुणी पळवून नेणार होते. शेजारी हेडसर स्वतःचे घडीचे स्टूल घेऊन येऊन बसले होते.

ती एकटीच आली. मला वळसा घालताना तिने माझ्या पाठीला हात लावला आणि फिरली. जावयाने मला स्कूटरवर घेतले आणि तिच्या मागे सावकाश निघाला. मित्रांनो, मी पंधरा वर्षे शर्यतीत आहे, पण शर्यतीचा शेवट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. शेवटच्या टप्प्यात तिची मान वाकडी झाली होती, हात नीट हलत नव्हते, तरी ती धावत होती. ती रेषेपलीकडे जाऊन सभागृहाच्या पायरीवर बसली आणि वडिलांकडे बघू लागली.

टेपकाका घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले. तिथे त्यांच्याशिवाय कुणाला आकडा दिसत नव्हता. मग त्यांनी सांगितले.

“सत्तर मिनिटं दोन सेकंद.”

तिला दम लागला होता, त्यातूनच ती म्हणाली, “बाबा, दुसऱ्या कुणाच्या वडिलांनी दोन सेकंद सोडले असते.”

टेपकाका खाली बसले. गुडघे दुखत असूनही पायरीवर तिच्या शेजारी बसले, आणि तिच्या बुटांच्या नाड्या सैल करू लागले. “सोडले असते,” ते म्हणाले, “पण मग चार वर्षं तू कशासाठी धावलीस?”

ती त्यांच्या खांद्यावर डोके टेकून हसायला लागली, आणि मग सगळेच हसले. सभागृहात जाऊन तिने फळ्यावरचे एकोणसत्तर एक्केचाळीस स्वतः पुसले आणि सत्तर मिनिटे दोन सेकंद लिहिले. तिच्या चार वर्षांतला तो सगळ्यात चांगला आकडा होता, आणि त्यातले एकही पाऊल उसने नव्हते.

आता वळणावर दोन खुर्च्या असतात. दुसरी प्लास्टिकची आहे, दमलेल्यांसाठी. ती फार बडबडी आहे, पण कामाची आहे. मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. माझ्या बिजागरीला वर्षातून एकदा तेल द्या, ढिला रिव्हेट वेळेवर ठोका. कुणाला चक्कर आली तर त्याला जरूर बसवा, पण त्यासाठी वेगळी खुर्ची आधीच घेऊन जा. आणि कधी तुमच्यावर असे कुठेतरी एकटे उभे राहायचे काम आले, तर हलू नका. लांबून धापा टाकत येणारा माणूस तुम्हाला बघूनच वळणार असतो.