वरच्या वाटेवर एक पाहुणा

'बंद' हा शब्द लोकांना कळत नाही, असं आता माझं पक्कं मत झालंय. फाटकाला आडवा दांडा आहे, दांड्याला लाल पट्टे आहेत, आणि वर पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलंय, 'जंगल बंद आहे'. तरी गाडी थांबते, काच खाली होते आणि आतला माणूस विचारतो, "बंद आहे का?" मग मी इथं काय शोभेला उभी आहे?

गेल्या उन्हाळ्यात वणवा लागला. आग विझली, पण जळालेली झाडं तशीच उभी राहिली. मुळं आतल्या आत करपलेली, बुंधे पोकळ. वाऱ्याची झुळूकसुद्धा नसताना पडतात. हे मी दिवसभर समजावते. कुणी म्हणतो, "पडलं तर माझ्यावर पडेल, तुमचं काय जातंय?" कुणी म्हणतो, मी तुमच्या वनखात्याच्या साहेबांचा साडू. साहेबांना इतके साडू असतील तर सासुरवाडी म्हणजे अख्खं गावच असणार. एक बाई तर नवऱ्याला माझ्यादेखत म्हणाली, "अहो, हिला अधिकार मिळालाय ना, म्हणून मिरवतेय." अधिकार कसला डोंबलाचा. दांडा वर, दांडा खाली.

आणि दर महिन्याला वाटतं, आता उघडेल. दर महिन्याला साहेब नवा कागद पाठवतात, 'पुढील आदेशापर्यंत बंद', आणि मीच तो पाटीवर डकवते.

मला ते जंगल उघडायला हवं होतं ते माझ्या आत्यासाठी. माझे वडील तिचे धाकटे भाऊ. आई-वडील गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले आणि आता डोळे चाललेत. नजरेच्या मधोमध डाग पडलाय. सरळ बघितलं की समोरचं नाहीसं होतं, जरा तिरकं बघितलं की कडेनं दिसतं. माझ्याशी बोलताना ती माझ्या कानाकडे बघते. डॉक्टर म्हणाले, कडेचंही जाईल हळूहळू, जे बघायचं असेल ते बघून घ्या. दुसरी एखादी रडली असती. आत्या तिथल्या तिथे म्हणाली, "मला वाकड्या बघायचाय."

वाकड्या म्हणजे वरच्या तळ्याकाठचं झाड. पार पाण्यावर ओणवं झालेलं. लहानपणी ती आणि माझे वडील त्याच्यावरून तळ्यात उड्या मारायचे. वडिलांचं नाव निघालं की तिला दुसरं काही आठवतच नाही, वाकड्याच आठवतो. वणव्यात तोही होरपळला, पण झाडं पाडणाऱ्या टोळीच्या मुकादमांनी मला सांगितलं होतं की त्याला एका बाजूनं पालवी फुटलीय, म्हणून आपण त्याला हात लावलेला नाही. "साहेबांना बोलू नकोस हो," असंही म्हणाले होते. मी ते आत्याला सांगितलं आणि माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर एकच प्रश्न. "उघडलं का गं?"

शेवटी मी साहेबांकडे गेले. म्हटलं, तासाभराचं काम आहे, मी स्वतः घेऊन जाते, डोक्यावर टोप घालते दोघींच्या. साहेब शांतपणे म्हणाले, "आज तुझी आत्या, उद्या माझी मावशी. मग फाटक कशाला हवं?" त्यांच्या खुर्चीमागं भिंतीवर तळ्याचा मोठा फोटो आहे, त्यात वाकड्यासुद्धा आहे. त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "त्यांना इथं आणून हा दाखव की." मला इतका संताप आला की नमस्कारही न करता बाहेर पडले. त्यांचं चूक नव्हतं, हा आणखी वेगळा संताप. रोज मी लोकांना हेच तर सांगते.

आता पाहुण्यांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मेलेली झाडं पाडायला आमची एक टोळी आहे, मुकादमांच्या हाताखाली. ही माणसं अशा उभ्या मेलेल्या झाडाला 'पाहुणा' म्हणतात. का, तर कधी निघेल याचा नेम नाही. वॉकी-टॉकीवर दिवसभर चालू असतं, "ओढ्यापाशी एक पाहुणा आहे, चांगला जाड आहे." इथवर ठीक. पण फाटकावर आम्ही लोकांना 'पब्लिक' म्हणायचो, आणि त्यावरून कुणीतरी तक्रार केली. झालं. साहेबांचा हुकूम निघाला, इथून पुढे येणाऱ्या माणसाला पाहुणाच म्हणायचं, समोर आणि वॉकीवरसुद्धा. हुकूम फाटकावरच्या माझ्या खोलीत लागला. टोळी मागच्या रस्त्यानं कामावर जाते, तिला कोण सांगणार? आणि गोंधळही कधी झाला नाही, कारण बंद जंगलात माणूस असतोच कुठे?

त्या दिवशी सकाळी मी एका मोठ्या गाडीवाल्याशी हुज्जत घालत होते. तो म्हणत होता, आम्ही गाडीतून उतरणारच नाही. मी म्हणत होते, झाड काय काच खाली करून विचारणार आहे का. तेवढ्यात माझी नजर पलीकडे गेली. दांड्याच्या कडेनं, जिथून आम्ही आत-बाहेर करतो तिथून, एक निळी शाल वळणाआड चालली होती. काठी, पाठीला बाक, खांद्याला पाण्याची बाटली. मी हाक मारली. ती ऐकून न ऐकल्यासारखं करून आणखी भराभर चालायला लागली. डोळे गेलेत, पण हट्ट कुठं जातोय.

मला फाटक सोडता येईना. समोर गाडीवाला, त्याच्यामागे आणखी दोन गाड्या. मी वॉकी उचलला. वॉकी सगळ्यांना ऐकू जातो, साहेबांच्या टेबलावरही एक आहे. आत कोण गेलंय, तर फाटकवालीची आत्या. हे मला तोंडातून काढवेना. लाज वाटली, खरं सांगायचं तर. मी म्हटलं, "मुकादम, वरच्या वाटेवर एक पाहुणा आहे. तळ्याच्या बाजूला."

"तळ्याच्या?" मुकादम म्हणाले. "वाकलेला?"

मला वाटलं, दिसली वाटतं ह्यांना. पाहुणा म्हटलं होतं, तेच पुढे चालवलं. "हो, पार वाकलेला. म्हातारा."

मुकादम हळूच म्हणाले, "राहू दे की गं. कुणाला काय त्रास आहे त्याचा?"

ह्यांना दया येतेय आणि बोलणी मला बसणार. माझं टाळकं सटकलं. "अजिबात नाही. आधी काढा त्याला. आत्ताच्या आत्ता काढा."

"बरं. तू म्हणतेस तर." आवाज उतरलेला होता. "आम्ही तळ्यापाशीच आहोत. पाडायच्या आधी शिट्टी मारतो, तोवर खालून कुणाला सोडू नकोस."

मी वॉकी कमरेला अडकवला आणि गाडीवाल्याकडे वळले. मग तो शब्द डोक्यात शिरला. पाडायच्या.

मी बटण दाबून ओरडले, "मुकादम, थांबा, झाड नाही, माणूस आहे." उत्तर नाही. करवत सुरू झाली की त्यांच्या कानांवर ती मोठाली झाकणं असतात, त्यांना स्वतःचा आवाजसुद्धा येत नाही. मी पुन्हा ओरडले. वरून करवतीची घरघर ऐकू यायला लागली होती. मी दांडा, गाड्या, नोकरी, सगळं तिथंच टाकलं आणि पळत सुटले.

दोन्ही बाजूंना काळे बुंधे आणि पायाखाली राख. ज्या वाटेवरून मी वर्षभर कुणाला जाऊ दिलं नाही, तिच्यावरून मी वर न बघता धावत होते. शिट्टी ऐकू आली, लांबलचक. मग कडाड असा आवाज आणि पायाखालची जमीन हलली. मग करवत बंद झाली आणि माझेच श्वास तेवढे ऐकू यायला लागले. मी आत्याला हाका मारत होते आणि तिच्यावर चिडतही होते, एकाच वेळी. म्हातारे, तुला काही झालं असलं तर बघ, असं काहीबाही बडबडत होते.

शेवटच्या वळणाअलीकडे आत्या एका दगडावर बसून पाणी पीत होती.

"शिट्टी झाली म्हणून थांबले," ती म्हणाली. "मला काय अक्कल नाही का?"

मी तिला मिठी मारली आणि तशीच तिला वाट्टेल ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? आता इथवर आलोच आहोत तर वळण तेवढं ओलांडू. मग खुशाल मला पोत्यात घालून ने." ती धडधाकट आहे, एवढ्यावरच मी खूश होते. मी तिचा हात धरला.

वळण ओलांडलं. टोळी सामान आवरून मागच्या रस्त्यानं निघून गेली होती. तळं होतं, काठ होता, ओल्या लाकडाचा वास होता. काठावर पांढरा स्वच्छ बुंधा होता, गुडघाभर उंचीचा, भोवती भुसा. वाकड्या तळ्यात पडला होता. पाण्यावर त्याची एकच फांदी तरंगत होती, तिला कोवळी पानं होती.

मुकादमांनी नीटच विचारलं होतं. तळ्याच्या बाजूचा, वाकलेला, म्हातारा. मी सगळ्याला हो म्हटलं होतं. त्यांनी राहू दे म्हटलं होतं आणि मी काढा म्हटलं होतं.

आत्या तळ्याकडे सरळ बघत होती. मग तिनं मान डावीकडे केली, मग उजवीकडे. डोळे पुसले. पुन्हा मान तिरकी केली.

"दिसत नाही गं," ती म्हणाली. "पाणी दिसतंय. काठ दिसतोय. तोच नाही दिसत." तिनं माझा हात घट्ट धरला. "कडेनंसुद्धा नाही दिसत. डॉक्टर म्हणाले होते अजून वेळ आहे. गेलं का गं सगळं?"

गप्प बसणं सोपं होतं. डोळ्यांवर ढकललं असतं की संपलं. घरी गेलो असतो, तिनं नशिबाला बोल लावला असता आणि मला कुणीच काही म्हटलं नसतं.

"तुझे डोळे ठीक आहेत, आत्या," मी म्हटलं. "झाड नाहीये. आत्ताच पाडलं. माझ्यामुळे."

मग मी तिला सगळं सांगितलं, पाहुण्याच्या शब्दासकट. तिनं काठीनं चाचपत बुंधा शोधला, खाली बसली आणि त्याच्यावर हात ठेवला. लाकूड अजून ओलं होतं. तिनं बोटं एकमेकांवर घासून बघितली, कापड बघायची तशी.

कमरेचा वॉकी खरखरला. साहेब होते. "फाटकावर कुणी का नाही? आत कोण गेलंय?"

मी बटण दाबलं. "माझी आत्या आहे, साहेब. मला वाढवलंय तिनं. माझ्या घरचं माणूस आहे."

"आता सांगतेस," आत्या म्हणाली. ती माझ्या कानाकडे बघत नव्हती, बुंध्याकडेही नाही. सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती, जिथं मी तिला दिसत नाही.