थोरल्या पिनेची परीक्षा

मी एक जुनी सोनेरी पिन आहे, मित्रांनो. मला पाहायला भिंग लागत नाही, पण चष्मा जरूर लागेल. खेळण्यातल्या नव्हे, शर्यतीतल्या रेडिओ-गाडीच्या मोटरला वीज पोहोचवणे हे माझे काम होते. ते मी ताठ मानेने केले आणि ताठ मानेनेच सांगणार आहे. मात्र शेवटपर्यंत ऐकायचे, मध्ये उठायचे नाही.

माझे अंग पितळेचे, वर सोन्याचा पातळ मुलामा आणि भोवती चार पाकळ्यांची स्प्रिंग. या पाकळ्या फुगून समोरच्या नळीला आतून धरून ठेवतात. पकड घट्ट असेल तर वीज निमूटपणे जाते. पकड सैल झाली की तीच वीज त्या फटीत तापते, चिडते आणि अडते. आमच्या कुळाची अब्रू त्या चार पाकळ्यांत असते.

बंगळुरूच्या एस. पी. रोडवर यल्लाप्पांच्या दुकानात मी प्लास्टिकच्या पुडीत दोन बहिणींसह पडून होते. एके दिवशी प्रणिता आली. महादेवपुऱ्यात नोकरी करणारी, येलहंकाच्या मातीच्या ट्रॅकवर दर रविवारी गाडी पळवणारी. तिच्याबरोबर वरच्या मजल्यावरच्या कौशल्याअक्का होत्या. या मूळच्या बेळगावकडच्या. सरकारी कारखान्यात एकतीस वर्षे यंत्रांच्या तारा बांधून निवृत्त झालेल्या.

"साडेतीन मिलिमीटर साकु, पुरे होईल, अक्का," यल्लाप्पा म्हणाले. "सगळे हेच नेतात."

"सगळ्यांचं राहू दे. हिची मोटर वीज किती ओढते?"

प्रणिता पुडीवरची किंमत वाचू लागली.

"काय गं? मुलगा बघायला जाताना पगार विचारतेस, नि मोटरला भूक किती ते विचारत नाहीस?"

प्रणिताने फोनवर मोटरचा कागद शोधला. आकडा ऐकून अक्कांनी साडेतीनची पुडी परत सरकवली. "चार मिलिमीटर द्या. स्वल्प जाड असू दे. बारीक पिनेवर जड मोटर घालणं म्हणजे चिमणीच्या पायात बैलाचा नाल."

अशी आमची निवड झाली. अक्कांनी लाकडाच्या ठोकळ्यात भोके पाडून आम्हांला त्यांत उभे केले, प्रणिताच्या हातून डाख देवविला आणि बजावले, "वेगळं करताना पिन धरायची. तार ओढायची नाही. ऐकलंस?" मोटरच्या तीन तारांना आम्ही तिघी लागलो. मी थोरली, मग मधली आणि धाकटी. पलीकडे ईएससी नावाची पेटी होती. ती आम्हांला पाळीपाळीने वीज वाटून देई आणि मोटर फिरे.

पहिले वर्ष वैभवाचे गेले. वळणावर गाडी तिरपी होई, लाल माती उडे आणि लोक टाळ्या वाजवत. टाळ्या गाडीला आहेत हे मला कळत होते. तरी त्यांतला मोठा वाटा मी स्वतःकडे ठेवीत असे. थोरलीला तेवढा अधिकार असतो.

पण शर्यतीनंतर मोटर धुवायची घाई असे. प्रणिताचा मोठा भाऊ उपेंद्र दरवेळी आमच्या तारा धरून हिसका देई. "चिल गं, निघतंय की!" निघत होते खरे. प्रत्येक हिसक्याने माझी एकेक पाकळी थोडी दबत होती. मला ते जाणवत होते, पण मी बोलले नाही. सैल झाले आहे असे कोणत्या थोरलीने कधी कबूल केले आहे?

मग एका उपान्त्य फेरीत गाडी सुटण्याच्या रेषेवरच थरथरली, अडखळली आणि थांबली. उपेंद्रने झाकण उघडले. धाकटीच्या अंगावरची रबरी नळी करपली होती. "ही बघ, हीच खराब." धाकटीला कापून कचऱ्यात टाकले आणि तिच्या जागी नवी आणली. अक्कांना कळवायचे धाडस कोणालाच झाले नाही.

मित्रांनो, आता खरे ते सांगते. आम्हां तिघींना एका प्लास्टिकच्या पट्ट्यात करकचून बांधले होते. ताप माझा होता, चटका तिला बसला. माझ्यावरची रबरी नळी जाड होती, म्हणून डाग दिसला नाही. मी त्या नवीकडे बोट दाखवीत राहिले. 'परक्या घरची, हिला वळण नाही,' असे मीच मनाशी म्हटले.

पुढच्या स्पर्धेत गाडी पुन्हा तशीच थरथरून थांबली.

राहिली ती एकच संधी. हैदराबादला जाणाऱ्या चौघांच्या संघासाठी शेवटची निवड-शर्यत. उपेंद्र हसून म्हणाला, "प्रणे, या वेळी बंद पडली तर गाडी माझी. तू नुसतं बघायला यायचं."

"ठरलं," प्रणिता म्हणाली. तिने पेचकस घेऊन गाडीचे झाकण पुन्हा बसवले.

शनिवारी सकाळी ती गाडी घेऊन अक्कांच्या दारात उभी राहिली आणि सारे सांगितले. करपलेली धाकटी, लपवालपवी, पैज, सगळे.

अक्का रागावल्या नाहीत. ते अधिक भयंकर होते. त्यांनी जमिनीवर उशी ठेवली. "ईएससीकडची तार धर. एकेका पिनेवर मोटर टांगून दाखव. जी पिन मोटरचं वजन पेलत नाही, ती विजेचं काय पेलणार?"

नवीवर मोटर टांगली. ती हलली नाही. मधलीवर टांगली. तिनेही धरले. मग माझी पाळी आली. मी सोन्यासारखी चमकत होते. सगळा जीव पाकळ्यांत आणला.

धप्प! मोटर उशीवर पडली.

"ही?" प्रणिता म्हणाली. "ही तर सगळ्यांत छान दिसते!"

"दिसते," अक्का म्हणाल्या.

"मग हिच्या एकटीच्या जागी नवी लावू?"

"एक कोरी, एक थोडी वापरलेली, एक जुनी? तिघींची पकड सारखी हवी. तिन्ही काढ. आणि डाख तूच द्यायचा. मी हात लावणार नाही."

प्रणिताने दुपारपर्यंत तीन नव्या पिना आणून लावल्या. पहिला डाख ओबडधोबड झाला, तो वितळवून पुन्हा दिला. मग प्रत्येकीवर मोटर टांगली. तिन्ही वेळा उशी रिकामी राहिली.

रविवारी मी हत्यारांच्या डब्यात होते. काही दिसत नव्हते. फक्त ऐकत होते. सुटण्याची शिट्टी झाली आणि मोटरचा आवाज एका सुरात चढला. मध्ये कुठे खोकला नाही, थरथर नाही. पाच मिनिटे मी तो सूर मोजत होते. माझ्याशिवाय तो इतका स्वच्छ होता, हे ऐकणे सोपे नव्हते. शेवटी उपेंद्रचा आवाज आला, "तिसरी! प्रणे, संघात आलीस!" आणि तिचा, "तार सोड आधी. पिन धर."

मला फेकतील असे वाटले होते. अक्कांनी मला एका जुन्या मोटरच्या तारेला पुन्हा डाख दिला आणि ट्रॅकच्या टेबलावर उशीशेजारी ठेवले. नवे कोणी गाडी घेऊन आले की प्रणिता आधी मलाच त्याच्या हातात देते. "छान दिसते ना? मोटर टांग."

मी पडते. दर रविवारी, सगळ्यांसमोर पडते. पूर्वी मला त्याची लाज वाटली असती.

तेव्हा मुलांनो, पिन निवडताना चमक पाहू नका, भार विचारा. वेगळे करताना तार ओढू नका. आणि कोणाला करपलेले पाहिलेत, तर त्याला टाकून देण्याआधी शेजारी कोण तापले आहे ते पाहा. माझ्या धाकटीसाठी तेवढे कोणी केले नाही, मीसुद्धा नाही.

चला, पुढचा कोण? घे मला हातात. टांग मोटर. उशी जागेवर आहे ना?