खांब उभा करण्याबाबत

विषय : रस्त्याकडेला आडवा पडलेला विजेचा खांब उभा करण्याबाबत.
संदर्भ : मानसी साळवी यांचे अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करतो की, मी तोच खांब बोलतोय. माझ्याबद्दल सगळे लिहितात, मला कोणी विचारत नाही. म्हणून हा आगाऊपणा.

माझा जन्म तळ्याजवळच्या एका कारखान्यात झाला. पोटात पोलादी तारा, अंगावर सिमेंट आणि डोक्यात काही नाही. उभं राहायला एवढं पुरतं, असं तिथला मुकादम म्हणायचा. मोठ्या वादळात किनाऱ्यावरचे खांब झोपले, तेव्हा आम्हाला ट्रकमधून इकडे आणलं. भाऊबंद उभे राहिले, मी उरलो. "राहू दे, लागेल कधीतरी," असं म्हणून ट्रक निघून गेला. सरकारी भाषेत याला नियोजन म्हणतात.

तेव्हापासून मी बाकडं आहे. शेळ्या अंग घासतात. दादू नावाचा शेतकरी रोज माझ्यावर बसून श्रीवर्धनच्या एसटीची वाट पाहतो. एसटी येऊन गेली तरी पाहतो.

मानसी याच गावची. शिकून वीज-इंजिनीअर झाली. घाटमाथ्यावर पवनचक्क्या उभारल्या, वाळवंटात सौर पॅनेलची शेतं केली, आता मोठमोठ्या परिषदांत बोलते. गावी आली की मोबाइल घेऊन माझ्यावर बसते, कारण रेंज फक्त इथेच येते. त्यामुळे ऊर्जा या विषयातला माझा अभ्यास बरा आहे.

"सर, ऊन फुकट आहे, वारा फुकट आहे," ती एकदा कोणाला तरी ऐकवत होती. "वीज पिकवणं सोपं झालंय. अडतं ते वाहून नेण्यात. पॅनेलचं उद्घाटन करायला रांग लागते. खांबाचा नारळ कोणी फोडलाय कधी?"

मला भरून आलं. सिमेंटला येतं तेवढं.

तिने खटपट करून गावच्या बुद्धविहाराच्या छपरावर पॅनेल बसवले. रस्त्यापलीकडे उतारावर विहीर आहे, तिथे पंपही बसला. रस्त्यावरून तार न्यायला मध्ये एक खांब हवा, आणि मी नेमका तिथेच पडलेला. पण सरकारी मालाला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. बूड लावता येतं.

म्हणून वीज छपरावर तयार होते आणि छपरावरच वाया जाते. मानसीची आत्या नीराबाई हंडा घेऊन चढ चढते आणि माझ्यावर टेकते.

"मानसे, वाळवंटात उजेड पाडलास म्हनं. माज्या गुडघ्यांत कदी पाडशील?"

"आत्या, एवढा खांब उभा राहू दे. नळ तुझ्या दारात."

"तवर ह्या दादूला उभा कर. नायतरी बसूनच हाय."

"व्हय, आन् माज्या अंगातनं करंट गेला मंजे?" दादू.

"गेला तर बरं. कायतरी हालचाल तरी हुईल."

मानसीने अर्ज दिला : 'खांब उभा करण्याबाबत.' दिवस ग्रामपंचायत निवडणुकीचे. कचेरीत कोणीतरी 'उभा' एवढंच वाचलं आणि अर्ज निवडणुकीच्या टेबलावर सरकवला. उत्तर आलं. मानसीने ते माझ्यावरच बसून वाचून दाखवलं : "श्री. खांब यांचे नाव मतदार यादीत आढळत नाही. घरी शौचालय असल्याचा दाखला जोडलेला नाही. सबब छाननीत बाद."

"आडवा पडलेला उमेदवार?" दादूने विचारलं. "निवडून येऊन काय केलं असतं त्यानं?"

"पडून ऱ्हायला असता," नीराबाई म्हणाली. "बाकीचे काय करतात?"

मानसी शहाणी. 'उभा' शब्द टाळून तिने नवा अर्ज लिहिला : 'खांब रोवण्याबाबत.' तो वृक्षलागवडीच्या टेबलावर गेला. उत्तर आलं : "रोपाची जात कळवावी. रोवण्यास हरकत नाही; मात्र त्यास रोज पाणी घालण्याची हमी स्थानिक रहिवाशाने द्यावी व पाहणीत वाढ दिसून यावी."

मानसीने कपाळाला हात लावला. "देशभर तारा ओढल्या मी! इथे एक खांब..."

"आण हिकडं. म्या सही करते," नीराबाई म्हणाली.

"आत्या, तो सिमेंटचा आहे!"

"मला काय दिसत न्हाय? पन सायबाला हिरवा पायजे. पानी घातलं की शेवाळ धरतं."

तेव्हापासून नीराबाई रोज एक हंडा जास्त आणते आणि माझ्यावर ओतते. ओतताना गुडघा धरते आणि साहेबाच्या नावाने दोन शब्द बोलते. ते इथे लिहिता येत नाहीत.

परवा पाहणी झाली. साहेबांनी माझ्या अंगावरच्या शेवाळावरून बोट फिरवलं आणि शेरा मारला : "वाढ समाधानकारक. पुढील पाहणीपर्यंत पाणी चालू ठेवावे."

तरी नम्र विनंती की, मला एकदाचं उभं करावं. नळाचं नंतर पाहू, निदान बाईंचा एक हंडा कमी होईल.

अर्ज प्रलंबित आहे.